वर्गणीवर चालणारे वाचनालय

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ३ फेब्रुवारी १८६४ रोजी सुरू झाले. रावसाहेब सदाशिव मोरेश्वर साठे यांनी त्याचा पाया घातला. ‘केसरी’ निघायला तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता, ‘विविधज्ञानविस्तार’ तीन वर्षांनी निघायचा होता आणि पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचा याच गावातला जन्म वर्षभराने, ३१ मार्च १८६५ रोजी, व्हायचा होता. खाडी, बंदर, पारनाका, बाजारपेठ आणि वाड्यांच्या चार-सहा आळ्या एवढाच गावाचा विस्तार होता. आता त्याच गावाचे नाव १९८३ पासून महापालिकेला आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतली वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास भरली.

एवढ्या काळात गावातले व्यापार बदलले, बंदर मागे पडले, वाडे गेले. वर्गणी भरून पुस्तक घरी न्यायची व्यवस्था मात्र चालू राहिली. अशी संस्था टिकते कशी, हे पाहायचे तर पावतीपुस्तक, दाखल नोंदवही आणि वार्षिक सभेचे इतिवृत्त उघडावे लागते. त्यासोबत एक साधी गोष्टही ध्यानात ठेवावी लागते: ज्या त्या काळी लोकांच्या घरात जे नसते, ते वाचनालयात मिळाले की लोक येतात. १८६४ साली घरात वर्तमानपत्र नव्हते. नंतरची शंभर वर्षे घरात पुरेशी पुस्तके नव्हती. आज पुस्तके विकत घेता येतात, मोबाइलवर बातम्या येतात, पण एका खोलीच्या घरात टेबल मांडायला जागा नाही.

रेल्वेच्या गावात

महाराष्ट्रात वाचनालयांची सुरुवात कल्याणच्या आधीची. रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. त्यांतली बरीचशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने उघडली. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर, न्यायाधीश, शाळाखात्याचे अधिकारी आणि गावातले शिकलेले लोक एकत्र आले की अशी लायब्ररी निघे. कल्याण मात्र जिल्ह्याचे ठाणे नव्हते. त्याच्याकडे होती ती रेल्वे.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. १८६३ साली बोरघाटातला रस्ता खुला झाला, १८६५ साली थळघाटातला. पुण्याकडे जाणारी आणि नाशिककडे जाणारी वाट जिथे फुटते, ते स्टेशन कल्याण. त्यामुळे मुंबईचे ‘इंदुप्रकाश’ किंवा पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ कल्याणात यायला आता बैलगाडीची वाट पाहावी लागत नव्हती. कारकून, वकील, मास्तर, पोस्टातली आणि रेल्वेतली माणसे असा पगारी वर्ग गावात जमू लागला होता. या माणसांना वाचता येत होते, बातमीची भूक होती, आणि प्रत्येकाने स्वतंत्र वर्गणी भरून पत्र मागवणे परवडणारे नव्हते. दहा जणांनी मिळून एक अंक घेणे हे हिशेबाला धरून होते. त्या काळच्या वाचनालयाचा जीव या हिशेबात होता. ज्ञानप्रसाराची भाषा नंतर अहवालांत आली.

मराठीत वाचण्यासारखे पुस्तक तरी किती होते? बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये आली. बाकी शालेय पुस्तके, भाषांतरे, पोथ्या. म्हणजे कल्याणच्या वाचनालयाने दार उघडले तेव्हा मराठी कादंबरीचे सगळे शेल्फ एका हातात मावले असते. नुसत्या मराठी ग्रंथांसाठी वेगळे संग्रहालय काढावे, असे म्हणण्याइतकी पुस्तके साचायला आणखी तीस वर्षे गेली. ते संग्रहालय शेजारच्याच ठाण्यात १ जून १८९३ रोजी निघाले, आणि ते उभारणाऱ्यांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचे, १८९८ चे.

सुरुवातीची सगळीच वाचनालये पुरुषांची होती. चौकात, पुरुषांच्या बैठकीत बाईने जाऊन बसणे त्या काळी होण्यासारखे नव्हते. तिच्या हाती पुस्तक पडलेच, तर ते घरातल्या कोणी पुरुषाने आपल्या नावावर आणलेले. आजच्या देवघेवीच्या खिडकीशी उभे राहिले तर उलटे चित्र दिसते. दुपार टळल्यावर, भाजी आणायला निघालेल्या बायकांच्या पिशव्यांतून कादंबऱ्या परत येतात आणि नव्या जातात. मराठी कथा-कादंबरीची वाचनालये आज मुख्यतः त्यांच्या वर्गणीवर उभी आहेत, हे कुठल्याही ग्रंथपालाला मान्य होईल.

सभा तहकूब, सभा सुरू

कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक वाचनालय ही दुहेरी नोंदणीची संस्था असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ती संस्था, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ती न्यास. पहिल्या कायद्यामुळे तिला घटना, सभासद आणि निवडून आलेली कार्यकारिणी असते. दुसऱ्यामुळे तिचे हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात. कार्यकारिणी बदलली की तिथे बदल अहवाल द्यावा लागतो. निवडणुकीत हरलेल्या गटाने हरकत घेतली तर तो वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि जुनी-नवी दोन्ही मंडळे स्वतःला खरी म्हणवत फिरतात. अनेक चांगल्या संस्थांचे नुकसान पैशाअभावी झाले नाही तेवढे या एका कागदावरून झाले आहे.

सभासद अनेक प्रकारचे. आजीव सभासद एकदाच मोठी रक्कम भरतो. साधारण सभासद अनामत रक्कम ठेवतो आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी देतो. अनामत महत्त्वाची, कारण पुस्तक हरवले तर वसुली तिच्यातून होते आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते. गाव सोडून गेलेले, बदली झालेले, वारलेले अशा कित्येकांच्या अनामती न मागितलेल्या राहतात. ताळेबंदात त्या देणे म्हणून पुढे पुढे ओढल्या जातात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पाच-दहा रुपयांचे हे देणे हिशेबतपासनीस दरवर्षी विचारतो आणि चिटणीस दरवर्षी तेच उत्तर देतो.

वार्षिक सर्वसाधारण सभेची रीत ठरलेली आहे. नोटिशीतच छापलेले असते की गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होईल आणि त्याच ठिकाणी पुन्हा भरेल, तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही. गणसंख्या क्वचितच भरते. अर्धा तास चहा होतो, मग मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अहवाल, ताळेबंद, अंदाजपत्रक, हिशेबतपासनिसाची नेमणूक, आयत्या वेळचे विषय. या शेवटच्या कलमात खरी सभा सुरू होते: अमुक दैनिक का बंद केले, वर्गणीत वाढ कशाला, पंखा कधी दुरुस्त होणार. हजारो सभासदांच्या संस्थेचे निर्णय पन्नास-साठ माणसे घेतात, ही तक्रार खरी आहे. पण ती पन्नास-साठ माणसे वर्षानुवर्षे येतात म्हणून संस्था चालते, हेही तितकेच खरे. कार्यकारिणीला मानधन नसते. बँकेत सही करायला जायचे, महापालिकेत मालमत्ता कराच्या सवलतीसाठी खेटे घालायचे, ते पदरच्या रिक्षाभाड्याने.

एक पुस्तक दाखल होते

नवे पुस्तक दुकानातून आले की थेट कपाटात जात नाही. आधी बिलाशी ताडून पाहतात: किंमत, सूट, पाने सुटी किंवा कोरी तर नाहीत ना. मग ते दाखल नोंदवहीत चढते. ही आडवी, जाड पुठ्ठ्याची, आखीव रकान्यांची वही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा. दाखल क्रमांक एकदा दिला की तो दुसऱ्या पुस्तकाला कधीच देत नाहीत. पुस्तक फाटले, हरवले, रद्द झाले तरी त्याची ओळ तशीच राहते. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘रद्द’ आणि ठरावाची तारीख पडते. शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाची नोंदवही वाचली तर गावाने काय वाचले, कधी वाचले आणि कुठल्या वर्षी पैसे कमी पडले, हे सगळे तिच्यात दिसते. ज्या वर्षी नोंदी निम्म्यावर येतात, त्या वर्षीचा अहवाल काहीही म्हणो.

त्यानंतर शिक्के. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक, आणि एक ‘गुप्त पाना’वर. प्रत्येक वाचनालयाने आपले एक पान ठरवलेले असते. पहिली-शेवटची पाने फाडून पुस्तक रद्दीत किंवा दुसऱ्याच्या कपाटात गेले, तरी त्या ठरावीक पानावरचा शिक्का मालक सांगतो. मग पाठीवर वर्गाची चिठ्ठी. ड्युई यांची दशांश पद्धत ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवतात आणि संदर्भ विभागात ती चालते. देवघेवीच्या विभागात मात्र कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास असे साधे गट आणि त्यात क्रमांक, एवढ्यावर काम भागते. वाचक ‘आठशे एक्क्याण्णव’ मागत नाही. ‘परवा सुनबाईंनी नेलेले, हिरव्या कव्हराचे’ असे सांगतो आणि खिडकीतल्या माणसाला ते सापडते. संगणक आल्यावर पुस्तक कोणाकडे आहे हे क्षणात कळू लागले. हिरवे कव्हर अजून माणसालाच कळते.

कपाटे पूर्वी कुलूपबंद असत. यादीतून क्रमांक काढायचा, चिठ्ठी द्यायची, शिपाई पुस्तक आणून देणार. मुक्तद्वार पद्धत आली तेव्हा पुस्तके चोरीला जातील अशी भीती सगळ्या जुन्या कार्यकारिणींना वाटली होती. काही गेलीही. पण वाचक हिंडून, पाने चाळून पुस्तक घेऊ लागला आणि कधी न हललेली पुस्तके हलू लागली.

खाडीकाठच्या गावात पुस्तकाचे शत्रू ठरलेले: पावसाळ्यातली ओल, कसर, वाळवी. भिंतीला टेकून कपाट ठेवायचे नाही, खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, डांबराच्या गोळ्या, ऊन पडले की खिडक्या उघडायच्या. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याणच्या वस्त्यांत शिरले, त्यानंतर तळमजल्यावर जुने ग्रंथ ठेवू नयेत हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. दुसरा खर्च बांधणीचा. खपाची कादंबरी शंभर हातांतून गेली की तिची पाठ सुटते. बाइंडर ती उसवतो, शिवतो, नवा पुठ्ठा आणि रेक्झिनची पाठ चढवतो. या बांधणीत आतला समास जातो आणि शब्दांची टोके शिवणीत अडकतात. ते पुस्तक वाचताना दोन्ही हातांनी उघडे धरून ठेवावे लागते; वाचनालयाच्या वाचकाला ती सवय असते.

सरकारचे निम्मे-निम्मे

वर्गणीतून वाचनालयाचा खर्च भागत नाही, कधीच भागत नव्हता. स्वातंत्र्यापूर्वी देणगीदार, संस्थानिक, नगरपालिका यांच्या मदतीवर चाले. मुंबई सरकारने १९३९ मध्ये असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि गावोगावच्या वाचनालयांची एक साखळी असावी हा विचार पहिल्यांदा सरकारी कागदावर आला. महाराष्ट्र राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यात एक निवड केली गेली, तिचे परिणाम आजही भोगावे लागतात आणि उपभोगताही येतात. सरकारने स्वतःची वाचनालये गावोगाव उघडण्याऐवजी लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान द्यायचे ठरवले. म्हणून कल्याणची संस्था सरकारी झाली नाही. म्हणूनच तिच्या कर्मचाऱ्यांना सरकारी वेतनश्रेणीही मिळाली नाही.

मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे वर्ग चार: अ, ब, क, ड. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, दिवसाला किती तास उघडे, बालविभाग-महिला विभाग आहेत का, यांवर वर्ग ठरतो. कल्याणसारख्या शहरांतली जुनी, मोठी वाचनालये साधारणतः ‘अ’ वर्गात असतात. खेड्यातल्या समाजमंदिराच्या एका खोलीतले वाचनालय ‘ड’ मध्ये. अनुदान वर्षाला दोन हप्त्यांत येते. त्यातले निम्मे पगारावर, निम्मे पुस्तके, मासिके, वीज, भाडे अशा पगाराव्यतिरिक्त खर्चावर. २०२२ साली सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तीही दशकभर वाट पाहिल्यावर. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ४८,००० रुपये मिळू लागले. म्हणजे महिन्याला ४,०००, आणि त्यातले ग्रंथपालाच्या पगाराचे २,०००. यात एका माणसाचा लोकलचा पास आणि दुपारचा चहा निघेल. ‘अ’ वर्गाची रक्कम कितीतरी मोठी, पण तिथे माणसेही अधिक, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला शाळेत जे वेतन मिळते त्याच्या जवळपासही ती नेत नाही. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वेतनश्रेणीची मागणी अनेक दशके करत आल्या आहेत.

मे २०१२ मध्ये राज्यभरातल्या अनुदानित वाचनालयांची महसूल खात्यामार्फत एकाच वेळी पडताळणी झाली. फक्त कागदावर असलेली, अनुदानापुरती उघडणारी वाचनालये त्यात सापडली. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गवाढ देणे सरकारने थांबवले, आणि सुमारे १२,००० वाचनालयांचे राज्य तिथेच गोठले. खोटी वाचनालये पकडली गेली ते योग्यच झाले. शिक्षा मात्र पुढची कित्येक वर्षे खऱ्यांनी भोगली. टिटवाळा, शहाड, कल्याण पूर्व, डोंबिवलीच्या खाडीकडच्या बाजूला याच काळात मजल्यांवर मजले चढले. त्या वस्त्यांत कोणी उत्साहाने वाचनालय काढले तरी त्याला अनुदानाची वाट बंद होती. तिथली भूक खाजगी वाचनालयांनी थोडीफार भागवली. डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण: पुस्तके घरपोच, आणि जुनी पुस्तके देऊन दुसरी नेण्याचा गाजलेला आदानप्रदानाचा सोहळा. हा धंदा आहे, आणि चांगला चालवलेला धंदा आहे. पण कुठलेही खाजगी वाचनालय शंभर वर्षांपूर्वीचे, कोणीही न मागणारे मासिक जपून ठेवणार नाही. तशी अपेक्षा त्याच्याकडून करणेही बरोबर नाही.

दिवाळी अंकांचे दिवस

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून वाचनालये ही दिवाळी अंकांची हुकमी गिऱ्हाइके आहेत. सगळे अंक विकत घेणे कोणत्याच घराला जमत नाही, म्हणून दिवाळी अंक योजना असते. नेहमीच्या वर्गणीखेरीज वेगळी रक्कम भरायची आणि पुढचे तीन-चार महिने एकेक अंक बदलून न्यायचा. धनत्रयोदशीच्या आधीपासून खिडकीवर विचारणा सुरू होते. अंकांचे गठ्ठे येतात, त्यांना जाड प्लॅस्टिकचे वेष्टण चढते, क्रमांक पडतात आणि पहिल्या दिवशी रांग लागते. ‘मौज’, ‘अक्षर’, ‘आवाज’, ‘दीपावली’, ‘हंस’ यांच्या एकाहून जास्त प्रती घ्याव्या लागतात. राशिभविष्याचे अंक सर्वांत आधी बाहेर जातात आणि सर्वांत उशिरा परत येतात. फेब्रुवारीपर्यंत अंकांची टोके वळलेली, शब्दकोडी पेन्सिलीने भरलेली आणि फराळाच्या तेलाचे ठसे उमटलेले असतात. मार्चमध्ये त्यांतले निवडक बांधून ठेवायचे आणि उरलेले स्वस्तात विकायचे. या योजनेतून जमणारी रक्कम फार नसते, पण ती अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याच्या आधी हातात येते आणि तेव्हा ती लागतेच.

वाडा पाडला की

पारनाका, टिळक चौक, रामबाग या भागांत पुनर्विकासाची पाटी लागली की आठवड्याभरात वाचनालयात फोन येतो. आजोबांची पुस्तके आहेत, फुकट देतो, घेऊन जा. पोत्यांत बहुधा तेच असते: केतकरांच्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी काही, भारतीय संस्कृतिकोश, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, इंग्रजी डायजेस्टचे गठ्ठे, पाठ्यपुस्तके, बांधलेले ‘किर्लोस्कर’. घरच्यांना वाटते, आपण ठेवा देत आहोत. वाचनालयाकडे ज्ञानकोश आधीच आहे, डायजेस्टला वाचक नाही आणि कपाटात वीतभर जागा नाही. नाही म्हटले तर माणसे दुखावतात. हो म्हटले तर दाखल करणे, झाडणे, ठेवणे यांचा खर्च आला. अनुभवी ग्रंथपाल ‘निवड आमची’ या अटीवर घेतो. शंभर पुस्तकांतून सात-आठ ठेवतो आणि त्यातच कधी एखादे जुने, दुसरीकडे न मिळणारे स्थानिक प्रकाशन, नाटकाचे हस्तपत्रक किंवा एखाद्या मंडळाची स्मरणिका सापडते. गावाच्या इतिहासाचे साधन म्हणून ती स्मरणिका त्या तेवीस खंडांपेक्षा मोलाची, कारण खंड दुसरीकडे आहेत आणि ती नाही.

वाचनालयालाही पुस्तके काढून टाकावी लागतात. त्याला निर्लेखन म्हणतात. यादी करायची, कार्यकारिणीचा ठराव घ्यायचा, ठरलेल्या मर्यादेत ग्रंथ रद्द करायचे. हे काम सगळेच टाळतात, कारण ग्रंथसंख्या घटली तर वर्ग घसरण्याची भीती. त्यामुळे पंचवीस वर्षे न हललेली मार्गदर्शके कपाट अडवून बसतात आणि नवी पुस्तके खोक्यांत थांबतात.

अभ्यासिका

आज जुन्या वाचनालयांतली सर्वांत भरलेली खोली अभ्यासिका आहे. सकाळी दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर पाठीवरच्या पिशव्यांची रांग असते. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, तलाठी भरती, सीए, बँकेच्या परीक्षा. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, टेबलावर पाण्याची बाटली, हायलायटर, चालू घडामोडींचे मासिक, इअरफोन. डबा तिथेच बाहेरच्या कट्ट्यावर. ही मुले कल्याणच्या चाळींतून, एका खोली-स्वयंपाकघराच्या घरांतून येतात, जिथे घरी टीव्ही चालू असतो आणि लहान भावंडे असतात. काही कसारा-कर्जतकडच्या गाड्यांनी येतात. ती वाचनालयाचे पुस्तक सहसा मागत नाहीत. आपली पुस्तके घेऊन येतात आणि शांतता, प्रकाश, पंखा व चार्जिंगचा पॉइंट भाड्याने घेतात.

जुन्या सभासदांत यावरून कुरकूर असते. वाचनालय की बसायची खोली, असा प्रश्न वार्षिक सभेत निघतोच. उत्तर ताळेबंदात आहे. अनेक ठिकाणी देवघेवीच्या सभासदांची वर्गणी घटत असताना अभ्यासिकेचे शुल्क वाढते, आणि त्या पैशाने कादंबऱ्यांची खरेदी होते. १८६४ च्या माणसांनाही वाचनालयात कादंबरी मिळावी म्हणून ते काढायचे नव्हते. त्यांना एकत्र बसून पत्र वाचायला छप्पर हवे होते. अभ्यासिकेतली मुले त्या मूळ गरजेच्या जास्त जवळची आहेत.

अडचण दुसरीकडे आहे. बहुतेक संस्थांच्या घटनेत अभ्यासिकेचे शुल्क भरणारा विद्यार्थी सभासद धरला जात नाही. त्याला सर्वसाधारण सभेची नोटीस जात नाही, मत नसते, निवडणुकीला उभे राहता येत नाही. परीक्षा पास झाला की तो जातो, नापास झाला तरी दोन-तीन वर्षांनी जातो. कार्यकारिणीत सत्तरीच्या आसपासची माणसे बसतात आणि रिकाम्या जागा भरायला नवे कोणी मिळत नाही असे म्हणतात. अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, शुल्क किती, शौचालयाची दुरुस्ती आधी की नवे कपाट, हे सगळे खोलीच्या बाहेर ठरते. ते बदलायचे तर घटनादुरुस्ती करावी लागेल. त्यासाठी विशेष सभा, त्या सभेला पुरेशी माणसे, मंजुरी, आणि पुन्हा धर्मादाय आयुक्तांकडे कागद.